लुगड्याच्या काठावरचा पाहुणा

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. नागपुरात महालच्या एका गल्लीत जागेश्वर कोष्ट्याच्या घरी माझा जन्म गेला. सागवानी अंग, आडवा दोरा घेऊन धावणारा बाभळीचा धोटा आणि खाली पायाने दाबायच्या दोन पावड्या, एवढाच माझा संसार. इतवारीचे कापडवाले माझ्या काठांचे कौतुक करत, तेव्हा मी लाकडाचा असूनही फुगत असे.

ही गोष्ट १९५७ च्या नोव्हेंबरातली. रशियाने आकाशात यंत्राचा चंद्र सोडल्यापासून गल्लीतला जो तो मान वर करून चालत होता आणि नालीत पडत होता. जागेश्वरच्या मुलीचे, देवकीचे, आठ दिवसांनी खापा गावी लग्न होते. तिचे लग्नाचे लुगडे माझ्यावर चढले होते.

भरदुपारी उघड्या दारातून लिंबाएवढा एक उजेड आत आला आणि माझ्या वरच्या दांड्यावर बसला. जागेश्वर जेवायला उठला होता. माझ्या दोऱ्या आपोआप वरखाली होऊ लागल्या, धोटा आपोआप धावू लागला. मला इतक्या गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! लाल काठावर पांढरे ठिपके उमटले: दोन, मग तीन, पाच, सात, अकरा. मग सगळे थांबले.

जागेश्वर हात धुऊन आला आणि ओरडला, "अवं, लुगड्याले देवी निघाल्या का काय!"

त्याची बायको भागीरथा धावली. उजेड पाहून तिने हातच जोडले. "देवीच आली! देवकीच्या लग्नाले आली." तिने माझ्या चारही खांबांना हळदकुंकू लावले. घटकाभरात गल्ली दारात जमली आणि आरती सुरू झाली.

आरती ऐकून शेजारचे गणिताचे चंपतराव मास्तर आले. ठिपके मोजताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरला. "या मूळ संख्या आहेत! दुसऱ्या कुठल्या ग्रहावरचा कोणीतरी आपल्याशी बोलतो आहे. याला प्रयोगशाळेत नेलं पाहिजे."

"काहून? देवीले शाळेत घालता का?" भागीरथा म्हणाली. "देवळात नेऊ."

मास्तरांनी एका बाजूने हात घातला, भागीरथाने दुसऱ्या बाजूने. तोच उजेड विझत आलेल्या निखाऱ्यासारखा झाला. दोघेही घाबरून मागे सरले.

जागेश्वर म्हणाला, "तुमचं भांडण होऊन राहिलं, अन् पाहुणा मरून राहिला. त्यानं काही विचारलं असंल, त उत्तर नाही का द्यावं लागत? मास्तर, अकराच्या पुढे काय येते?"

"तेरा."

जागेश्वरचे हात मात्र धोट्यावर थांबले. त्याने देवकीकडे पाहिले. ठिपके विणले की लुगडे वाया.

देवकीने डोळे पुसले आणि म्हणाली, "विणा बाबा. मी हेच नेसीन."

त्याने तेरा ठिपके विणले. उजेड लख्ख झाला! उजेडानेच लगेच पुढचे सतरा विणले. मग कळले, मी चालत राहिलो की त्याच्यात जीव येतो.

तीन दिवस सगळी गल्ली पाळीपाळीने पावड्या दाबत होती. भागीरथा त्याला सेवा म्हणे, मास्तर प्रयोग म्हणत. माझी तर हाडे खिळखिळी झाली. एकोणीसच्या पुढे मास्तरांनी स्वतः विणायचा हट्ट धरला. अंगठा चेंगरून घेत त्यांनी एकवीस ठिपके काढले. उजेडाने ती ओळ शांतपणे उसवली.

"सात त्रिक एकवीस, मास्तर!" देवकी हसली.

"देवीनं मास्तरले नापास केलं!" भागीरथाने सगळ्या गल्लीला सांगितले.

चौथ्या दिवशी लुगडे पुरे झाले. उजेड सूर्यासारखा तेजाळला, सर्वांच्या डोक्यांवरून एक फेरी मारून दाराबाहेर पडला आणि आभाळात दिसेनासा झाला. भागीरथा रडली. मास्तरही रडले, पण डोळ्यांत सूत गेले म्हणाले.

मग वाद पुन्हा पेटला. देवी की परग्रहावरचा प्राणी? जागेश्वर मात्र कापडावरून बोटे फिरवत होता. उजेडाने विणलेल्या एका ओळीत बोट थांबले. तिथला दोरा तुटला होता आणि कुणीतरी बारीक गाठ मारून जोडला होता.

"ही गाठ माझी नाही, पण आहे कोष्टी मारते तशीच," तो म्हणाला. "मास्तर, कुठलाही असो, पण हा कोष्ट्याच्या घरचा आहे गा!"

यावर भागीरथा आणि मास्तर यांनी प्रथमच एकदम माना डोलावल्या.

देवकी तेच लुगडे नेसून बोहल्यावर उभी राहिली. सासूने ठिपक्यांबद्दल विचारले, तर म्हणाली, "पहिले मोजून पाहा, मग सांगीन." खाप्याच्या बायका जेवणे विसरून मोजत बसल्या.

मित्रांनो, आता मी भिंतीशी उभा आहे. कोंबड्या माझ्यावर झोपतात, त्याचेही वाईट वाटत नाही. फक्त एक विनंती आहे. अनोळखी कुणी दारात आले, तर त्याचे नाव ठरवण्याआधी त्याचे म्हणणे ऐका. आणि अडगळीत एखादा माग दिसला, तर धूळ झटकून त्याच्या लाकडाला तेल लावा. आम्हाला अजून पुष्कळ बोलायचे असते. कुणीतरी पावडी तेवढी दाबावी लागते.