काचेमागचा हातमोजा

खर्रर्र...

चिडीचूप घरात माझ्या मनगटाचा पट्टा उघडला आणि खुर्चीत पुतळ्यासारख्या बसलेल्या आजोबांनी मान वळवली.

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे, उजव्या हाताचा. हे आजोबा एकेकाळचे नावाजलेले गोलरक्षक. लोक त्यांना ‘कुलूप’ म्हणत. ते उभे राहिले की गोल बंद!

माझा तळवा मऊ रबराचा. तो ओलसर असेल तरच चेंडूवर पकड बसते. म्हणून सामन्याआधी मला कोमट पाण्यात भिजवायचे काम त्यांच्या लहानग्या मुलीचे.

“पिळू नकोस गं, नुसतं दाब. त्यालाही दुखतं,” ते म्हणायचे.

अंतिम सामन्यात, अगदी शेवटच्या मिनिटाला, पेनल्टी आली. ते उजवीकडे झेपावले. चेंडू माझ्या बोटांना चाटून बाहेर गेला. लोकांनी मैदान डोक्यावर घेतले.

त्या कौतुकानेच माझा घात केला. मला काचेच्या कपाटात ठेवले. काच रोज पुसली जाई, पण पाण्याचा थेंब कुणी दिला नाही. भिजवणारी मुलगीच सगळ्यांना बजावायची, “त्याला हात लावायचा नाही हं!” माझा तळवा वाळला, भेगाळला.

आजोबांचेही तेच झाले. येणारे फोटो काढून जात, गप्पा मारायला कुणी बसत नसे. हळूहळू एकेक आठवण निसटली. मुलीला तर त्यांनी कित्येक महिन्यांत नावाने हाक मारली नव्हती. त्या एका हाकेसाठी तिचा जीव तळमळत होता.

म्हणून आज तिने मला बाहेर काढले, भिजवले, त्यांच्या हातात चढवले. स्वतःच्या छोट्या लेकीला म्हणाली, “दम धर, चिमणे. हं, टाक आता!”

चेंडू आला. झपकन त्यांनी तो धरला! डोळे कसे लकाकले! ती धावतच त्यांच्यापुढे बसली.

“बाबा, मी कोण? सांगा ना.”

ते अदबीने हसले. “ताई, गोलच्या मागे थांबू नका हो. चेंडू लागेल तुम्हाला.”

मित्रांनो, भेगा पडल्यावर दिलेले पाणी वरच राहते, आत मुरत नाही. ज्यांचा अभिमान वाटतो, त्यांच्याजवळ वेळेवर बसा.

ती माझा पट्टा सोडू लागली. चिमणी तिला बिलगली.

“आई, आजोबांना चेंडू आठवतो. मग तू का नाही गं आठवत?”