शेवंतीने केलेला पुठ्ठ्याचा खोका

शेवंतीच्या शिलाई मशीनखाली पुठ्ठ्याचा एक खोका आहे. चाळीस सेंटीमीटर लांब, पंचवीस रुंद, वीस खोल. आमची मुलगी मेघना इटलीत बोलोन्याला शिकते. तिकडच्या स्वस्त विमानात तेवढीच बॅग फुकट नेता येते. म्हणून शेवंतीने आधी त्या मापाचा खोका केला, मग त्यात बसेल अशी बॅग जुन्या जीन्समधून शिवायला घेतली. एक पट्टा लावायचा राहिला आणि शेवंती वारली. आठ महिने झाले.

पूर्वी मेघना महिन्यातून एकदा शनिवार-रविवार कुठेतरी जायची. सगळ्यात स्वस्त तिकीट, आठ जणींची खोली, डब्यात उकडलेली अंडी. शेवंती लालबागच्या आमच्या खोलीत बसून व्हिडिओवर तिच्याबरोबर फिरायची. राजवाडे, चर्च तिला नको असायचे. "मासळीबाजार दाखव," म्हणायची. तिकडचा भाव विचारायला लावायची आणि कितीही सांगितला तरी म्हणायची, "महाग आहे. पुढे चल." कातानिया नावाच्या गावात मोठा बाजार भरतो हे कळल्यापासून तिला तोच बघायचा होता. बॅग त्यासाठीच होती.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सॅशा आली. ती तिकडे मेघनाबरोबर राहते, इथलं घर दादरला. सुट्टीवर आली होती, शुक्रवारी परत जाणार होती. मी तिच्याकडे द्यायला मसाला आणि सुका जवळा बांधून ठेवला होता.

"अंकल, एक सांगू? मी बोलले म्हणून तिला सांगू नका."

"बोल."

"ती कुठे जातच नाही आता. सुट्टीच्या दिवशी खोलीतच. मी तिकीट काढते म्हटलं, तर म्हणते वर्ष व्हायचंय, पप्पांनी सांगितलंय."

सांगितलं होतं खरं. बाराव्यानंतर मेघना परत निघाली तेव्हा चाळीतली मोठी माणसं बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, वर्षभर सण नाही, फिरणं नाही. आमच्यात असंच सांगतात. इथे दुखवटा असला तरी दारात दहा माणसं येतात. तिथे तिच्या दारात कोण येणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी फोन केला.

"कातानियाला जाऊन ये."

"वर्ष झाल्यावर जाईन."

"मी सांगितलं होतं ना? मीच सांगतो, जा."

"चाळीत काय म्हणतील?"

"शेजारची मालनवहिनी काय इटलीला येणार आहे बघायला?"

ती हसली नाही. म्हणाली, "पप्पा, आईशिवाय त्या बाजारात मी काय बघू?"

"बॅग पाठवतो," मी म्हणालो.

मशीन मला चालवता येत नाही. बुधवारी गोधडीची जाड सुई घेऊन बसलो. पट्टा शिवून बॅग खोक्यात घातली, तर पट्ट्याची गाठ बाहेर येऊन अडली. मेघनाला विमानाच्या दारातच थांबवतील म्हणून सगळं उसवलं, पट्टा आतल्या बाजूने लावला. दुपारची संध्याकाळ झाली. मग बसली बॅग.

गुरुवारी सॅशाने ती उलटीपालटी करून बघितली. "अंकल, तुम्ही शिवलंय असं वाटतच नाही."

"खोटं बोलू नकोस."

"बरं, वाटतं."

त्यानंतर तीन शनिवार गेले. मेघना बॅगेबद्दल बोलायची, जाण्याबद्दल नाही. मीही विचारलं नाही. परवाच्या शनिवारी जेवायला बसलो होतो तर व्हिडिओ आला. मागे कातानियाचा बाजार, छत्र्या, बर्फ, ओरडणारी माणसं.

"पप्पा, विमानतळावर त्यांनी बॅग मापाच्या चौकटीत घालायला लावली."

"मग?"

"बसली. आईच्या खोक्यात बसते तशीच." तिने खांद्यावरचा पट्टा दाखवला. माझे टाके ओबडधोबड दिसत होते. मग तिने फोन मासळीकडे वळवला. तळहाताएवढी कोळंबी होती, बांगड्यासारखे काही मासे होते.

बाजारातून ताजी मासळी मी कधी आणली नाही, भावातलं मला काही कळत नाही.

"काय भाव?" मी विचारलं.

तिने विचारून सांगितला.

"महाग आहे," मी म्हणालो. "पुढे चल."

तिने नाक ओढलं आणि चालू लागली. माझं ताट तसंच राहिलं. पुढच्या दुकानात सुरमईसारखी मोठी मासळी दिसत होती.