बोंडल्यातलं साखरपाणी

मी एक जुनं चांदीचं बोंडलं आहे. निदान उद्या सकाळपर्यंत तरी आहे. उद्या सोनाराचं दुकान उघडलं की माझं काय होणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आजच सगळं सांगून टाकते.

मित्रांनो, तुमच्यातल्या पुष्कळांनी बोंडलं पाहिलं नसेल. मुठीत मावेल एवढी वाटी आणि तिला पुढे चोच. ती चोच तान्ह्याच्या ओठांना लावून वाटी जराशी तिरपी केली की आतलं आपसूक घशात उतरतं. बाळाला ओढावं लागत नाही, चोखावं लागत नाही. या सोयीचा मला भारी तोरा होता.

आंजर्ल्याजवळच्या एका वाडीत माझा जन्म झाला. गलबतावरच्या एका खलाशाला पहिला मुलगा झाला, लवू. त्या आनंदात त्याने घरातले चांदीचे रुपये मोडून मला घडवून घेतलं. लवूला मी दिवसातून एकदा चिमूटभर गुटी पाजायची. बाकी सारा वेळ तो आईच्या पदराखाली असायचा. पुढे लवू चांगला दांडगा झाला. बायका म्हणायच्या, "बोंडल्याचा गुण हो!" मीही ते खरंच मानलं. त्याच्या आईचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

मग लवूचं लग्न झालं, सगुणा घरात आली. तिला पहिला मुलगा झाला. वाडीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायला गोदूबाई यायची. बाई मायाळू, हात लोण्यासारखा मऊ, पण तिचा शब्द म्हणजे शेवटचा. ती म्हणाली, पहिल्या तीन दिवसांचं पिवळं चिकाचं दूध जड असतं, ते पिळून टाकायचं आणि तोवर साखरपाणी पाजायचं. माझ्यातूनच पाजायचं. मला काय, मिरवायला मिळालं! ते बाळ फार शांत होतं. सहाव्या दिवशी ते कायमचंच शांत झालं. सगळे म्हणाले, सटवीने नेलं. सगुणाने मला घासून, पुसून, मऊ फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवलं.

पुढच्या बाळंतपणाला सगुणा मंडणगडला माहेरी गेली होती. गडबडीत मी इथेच राहिले. त्या खेपेला झालेली वैष्णवी जगली, वाढली, शिकली, सासरी गेली. दोन बाळं, एक माझ्या हातचं, एक माझ्याविना. हा हिशेब कुणीच मांडला नाही. मी मात्र अंधारात पडल्या पडल्या मांडला होता, आणि तेव्हापासून मला फडताळाचं दार उघडण्याची भीती वाटायची.

ते दार यंदा उघडलं. वैष्णवी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तालुक्याच्या दवाखान्यात तिला मुलगा झाला. तिथल्या सिस्टरने तासाभरात बाळाला छातीशी लावलं, बाळानेही चार घोट घेतले. तिसऱ्या दिवशी सकाळी मायलेकरं घरी आली. गोदूबाई दारापुढच्या खळ्यात वाटच बघत होती. आता वयाने वाकली होती, तरी शब्द तोच.

"पिवळं दूध हाय ना अजून? पिळून टाक. पोटात गोळा होतो."

"पण सिस्टर म्हणाली, हेच द्यायचं," वैष्णवी हळूच बोलली.

"सिस्टरला पोरं किती गो?" गोदूबाईने विचारलं. सगळ्या हसल्या. वैष्णवीही कसंनुसं हसली. ते दाट, सोन्यासारखं दूध वाटीत पिळलं गेलं आणि माडाच्या मुळाशी ओतलं गेलं. मला उकळत्या पाण्यातून काढलं. माझ्यात साखरपाणी भरलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण चांदीला कुठला आवाज!

बाळ प्यायलं आणि झोपलं. उठलं की थोडं कुरकुरायचं, की लगेच मी हजर. वैष्णवीचा नवरा निलेश जहाजावर असतो. त्याने मोबाईलवर पाहिलं आणि म्हणाला, "किती गुणी आहे, रडत पण नाही!" सगळ्यांना कौतुक वाटलं. मला ती शांतता ओळखीची वाटत होती.

त्याच दुपारी आरोग्य खात्याची आशाताई, इकरा, आली. शेजारच्या मोहल्ल्यातली मुलगी, खांद्यावर पिशवी, पिशवीत झोळीचा वजनकाटा. सगुणाने तिला खळ्यातच थांबवलं. आमच्याकडे पाचवी पुजल्याशिवाय बाळ तोलत नाहीत, दृष्ट लागते म्हणतात.

"काकी, वजन राहू दे. पण लघवी किती वेळा करतो ते तरी सांगा," इकरा म्हणाली.

"करतो गो, करतो. पाचवी झाली की ये," गोदूबाईने आतूनच उत्तर दिलं. इकरा दोनदा मागे वळून बघत गेली.

चौथ्या दिवशी वैष्णवीची छाती दगडासारखी घट्ट झाली. बाळाला जवळ घेतलं तर ते तोंडही उघडेना, लगेच डोळे मिटायचं. "मला दूधच नाही गं आई," म्हणून ती पोर रडायला लागली. सगुणाने तिची समजूत घातली आणि मला पुन्हा भरलं. मित्रांनो, मी तेव्हा स्वतःला इतके शिव्याशाप दिले! माझ्यातल्या पाण्याने पोट भरल्यासारखं वाटत होतं, अंगात मात्र काहीच जात नव्हतं. मागणाराच निजलेला, तर छातीतलं दूध ओढणार कोण?

पाचवीची सकाळ उजाडली. गोदूबाईने बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. डोक्यावर पाणी पडलं तरी ते रडलं नाही. "बघ, किती सोसतो!" ती कौतुकाने म्हणाली. संध्याकाळच्या पूजेसाठी पाटा धुऊन ठेवला होता. सगुणा दुपटी धुवायला घेऊन गेली. बराच वेळ झाला, पाण्याचा आवाज येईना.

मग ती तशीच ओल्या हातांनी आत आली. तिच्या हातात एकच दुपटं होतं. बाकीची कोरडीच होती, आणि या एकावर चिरेखाणीतल्या मातीसारखा विटकरी डाग होता.

"गोदूकाकी," ती म्हणाली, "माझ्या पहिल्याच्या दुपट्यावर पण हाच डाग होता."

सगुणाने पूजा-बिजा काही बघितलं नाही. तिने इकराला फोन लावला. इकरा धापा टाकत आली आणि आधी बाळाला झोळीत घालून काटा उचलला. जन्मताना दोन किलो आठशे होतं, आता दोन किलो तीनशे भरलं. तिने बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. बाळाने पाय हलवला नाही.

"काकी, रिक्षा. आत्ताच्या आत्ता."

घाईघाईत भरलेल्या पिशवीत मीही गेले. दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवून सुई लावली. दोन दिवस डॉक्टर एवढंच म्हणत होते, "अजून काही सांगता येत नाही." सगुणा बाकावर बसून ते दुपटं मुठीत धरून होती. सिस्टरने पिशवीत मला पाहिलं आणि बाहेर काढून खिडकीत ठेवलं. तिथून मी सगळं बघितलं. तिने गरम कपड्याने शेकून वैष्णवीचंच दूध काढलं आणि चमच्याने बाळाला पाजलं. दूध होतं, मित्रांनो! भरपूर होतं.

तिसऱ्या दिवशी बाळ रडलं. असं खणखणीत, की सगळा वॉर्ड जागा झाला आणि वैष्णवीही हुंदके देऊन रडली. मग सिस्टरने तिला शिकवलं. बाळाला तोंड मोठं उघडू दे, नुसतं टोक नको, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दे, हनुवटी छातीला टेकू दे. दर दोन-तीन तासांनी पाज. झोपला असेल तर उठवून पाज. सहा महिने पाणी नको, मध नको, काही नको. दिवसाला सहा दुपटी ओली झाली की समज, पोट भरतंय.

बाळ बरं होऊन घरी आलं, आणि काल शेजारची कमळा आमच्याकडे आली. तिची सून बाळंत झाली आहे. सोबत गोदूबाई होती. कमळा म्हणाली, "तुमचं बोंडलं द्या ना चार दिवस. घराण्यातलं, गुणाचं."

सगुणा मला घट्ट धरून उभी होती.

"माझ्या पहिल्याला सटवीनं नाय नेलं, कमळा," ती म्हणाली. "मी त्याला उपाशी ठेवला. भरल्या छातीनं उपाशी ठेवला. सुनेला आज, आत्ता पाजायला सांग. पिवळंच पाजायला सांग."

गोदूबाई बोटांवर काहीतरी मोजू लागली. तिने आजवर किती बाळांना न्हाऊ घातलं, ते आठवत असावी.

उद्या मला वितळवून बाळासाठी घुंगरांचे वाळे करणार आहेत. मला वाईट वाटत नाही. पण वाडीवाडीतल्या फडताळांत माझ्यासारखी अजून आहेत, घासून लख्ख ठेवलेली, कुणाच्या तरी बाळंतपणाची वाट बघत. मित्रांनो, तुमच्या घरी असलं, तर ते तिथेच राहू द्या. आणि तान्हं फार शांत असलं, तर कौतुक करण्याआधी त्याचं दुपटं बघा.

आता बाळाने पाय झाडले की मी वाजेन. ज्या दिवशी मी वाजणार नाही, त्या दिवशी हातातलं काम टाकून आधी त्याच्याकडे धावा.