बटणरावांचे बटण

मित्रांनो, माझ्या अंगावर खालच्या बाजूला एक गोल बटण आहे, आणि एवढ्या एकाच अपराधाबद्दल मला जुना म्हणतात. माझ्यानंतर कंपनीने जे फोन काढले ते सगळे पाटीसारखे सपाट. त्यांना दाबण्याचा त्रास नाही आणि दाबल्याचे समाधानही नाही. बटणवाल्या फोनांची जी शेवटची खेप निघाली, तिच्यात माझा जन्म झाला.

कारखान्यात एक यंत्र प्रत्येकाचे बटण दाबून पाहत असे. 'टक्' असा आवाज आला तरच तो फोन पुढे जाई. माझ्या पुढचा भाऊ 'टिक्' असे बोलला आणि त्याला तिथूनच परत पाठवले. एका वेलांटीपायी आयुष्य फिरते ते असे. मी मात्र पहिल्याच फटक्यात स्वच्छ बोललो, खोक्यात बसलो आणि एका चष्मेवाल्याच्या हाती पडलो.

माझे मालक चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला यंत्रावर बसून भिंगे घासतात. स्वभावाने इतके मऊ की विचारू नका. एखादे गिऱ्हाईक म्हणाले, "ही काडी कानाला टोचते," तर मालक म्हणणार, "टोचणारच, माझंच चुकलं." गिऱ्हाईक चष्म्यावर बसलेले असले तरी चूक मालकांचीच. नवा होतो तेव्हा ते मला येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानाला लावत. "ऐका," म्हणत आणि बटण दाबत. टक्! बिचारे लोक डोळे तपासायला आलेले, कान तपासून जात.

पण हेच मालक एका जागी वाघ होते. कंपनीच्या चाहत्यांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तिथे मालकांचे नाव 'बटणराव'. त्या कट्ट्यावर कंपनीला कोणी नुसते कंपनी म्हणत नसे, 'आपली कंपनी' म्हणत. आपल्या कंपनीला मात्र त्यांच्यापैकी एकाचेही नाव माहीत नव्हते.

कंपनीने बटण काढून टाकले आणि कट्ट्याचे दोन तुकडे झाले. एक बटणवाले, एक सपाटवाले. बटणवाले म्हणत, "बटण अंधारातसुद्धा सापडतं, खिशातसुद्धा सापडतं." सपाटवाले विचारत, "अंधारात आणि खिशात तुम्ही करता तरी काय?" एकाने आपल्या आत्याचा अंगठा पुरावा म्हणून मांडला. बटण गेल्यापासून आत्याच्या अंगठ्याला करमत नाही म्हणे. विरुद्ध पक्षाने अशी आत्या असल्याचेच नाकारले. त्यावर आत्या स्वतः कट्ट्यावर आली आणि सपाटवाल्यांच्या बाजूने बोलून गेली.

दोन्ही पक्षांनी कंपनीला खरमरीत पत्रे लिहिली. दोघांनाही एकच उत्तर आले : 'आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो.' बटणवाल्यांनी त्यातला 'मोलाचा' हा शब्द ठळक करून आपला विजय जाहीर केला. सपाटवाल्यांनी 'वाटतो' ठळक करून आपला.

आता सपाटवाल्यांचा पुढारी कोण, तर मालकिणबाईंचा सख्खा थोरला भाऊ! कट्ट्यावर 'सपाटशेठ', घरात 'दादा'. पलीकडच्या रस्त्यावर त्यांचे घड्याळे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. सुरुवातीला हा वाद म्हणजे नुसती करमणूक होती. दर रविवारी दादा बहिणीकडे जेवायला येत. जेवण झाले की ते आपला सपाट फोन माझ्याशेजारी ठेवत.

"भावजी, तुमचा फोन म्हातारा झाला."

"दादा, तुमच्या फोनला अजून दात यायचेत."

दोघे पोट धरून हसत आणि मालकिणबाई दोघांनाही ताटे उचलायला लावत.

पण कट्ट्यावर ऐकणारे शेकडो असतात, आणि माणसाला चारचौघांनी वाहवा केली की त्याची जीभ सुटते. एक दिवस सपाटशेठने लिहिले, "काहींचा नंबर इतका वाढलाय की पुढचं दिसतच नाही. चष्म्याचं दुकान असून उपयोग काय?" मालकांचे कान लाल झाले. भिंग तसेच यंत्रात सोडून त्यांनी मला उचलले आणि उलट टपाली ठोकले, "काळाबरोबर चाला असं सांगतंय कोण? ज्याच्या दुकानात प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ दाखवतं तो!"

या उत्तराला पसंतीचे तीनशे अंगठे मिळाले. पुढच्या रविवारी दादा जेवायला आले नाहीत.

अंगठे तीनशे जमा, माणूस एक वजा. असा व्यवहार त्या दिवशी झाला. मालकिणबाईंनी मांडलेले तिसरे ताट उचलून ठेवले. त्या शिवणकाम करतात. त्या दुपारी त्यांचे यंत्र इतके जोरात चालले की एका पडद्याला चारी बाजूंनी शिवण पडली आणि त्याची उशी झाली.

तेव्हापासून मालक इरेला पेटले. एका हाताने भिंग घासायचे, दुसऱ्या हाताने माझे बटण दाबून पाहायचे, सपाटशेठ काय बोलला. काही बोलला नसेल तर पुन्हा दाबायचे, अजून कसा बोलला नाही. असे दाबता दाबता एका सकाळी मी बोललोच नाही. बटण आत गेले, बाहेर आले, पण 'टक्' नाही आणि कामही नाही. मित्रांनो, ज्या बटणाच्या नावाने एवढी लढाई चालली होती, ते लढाईच्या ऐन मध्यावर मेले.

मालकांनी आधी फुंकर मारली. मग दात घासायच्या ब्रशने मला घासले. मग चष्मा पुसायचे औषध पाजले, त्याने मला गुदगुल्या झाल्या पण गुण आला नाही. कंपनीच्या दुकानात गेले, तर तिथल्या मुलीने मला दोन बोटांत धरले आणि गोड आवाजात म्हणाली, "सर, हा आता आमच्याकडे दुरुस्त होत नाही. नवा दाखवू? सपाट आहे." मालक असे बाहेर पडले जणू कोणी भर रस्त्यात त्यांचा चष्मा ओढला.

शेवटी त्यांनी ते केले जे सांगताना मला अजूनही लाज वाटते. माझ्या पडद्यावर एक राखाडी ठिपका आणायची सोय आहे. त्याला बोट लावले की बटणाचे काम होते. म्हणजे सपाटवाले जे ओरडून सांगत होते, तेच. मालकांनी दुकानाचे दार लोटले, ठिपका चालू केला आणि त्याच ठिपक्यावर बोट ठेवून कट्टा उघडून लिहिले, "खऱ्या बटणाला पर्याय नाही."

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. त्या भरात कोणीतरी रविवारी 'बटण दिन' जाहीर केला. सगळ्या बटणवाल्यांनी कॅमेऱ्यासमोर आपापले बटण दाबून 'टक्' ऐकवायचे. पहिला मान अर्थातच बटणरावांचा.

मालकांचे जेवण कमी झाले. तुम्ही म्हणाल, खोटे उघडे पडले असते तर काय झाले असते? जगाचे काहीच बिघडले नसते. पण दुकानात काडी टोचल्याचीही माफी मागणाऱ्या या माणसाचे म्हणणे ऐकून घेणारी जगात तेवढी एकच जागा होती. ती गेली असती.

शनिवारी दुपारी मालकिणबाईंनी कोणाला तरी निरोप द्यायला मला उचलले आणि सवयीने बटण दाबले. पुन्हा दाबले.

"अहो, हे बोलत नाही."

"हळू! कुणी ऐकेल."

"कोण ऐकणार? बटणच ऐकत नाहीये." त्यांनी मला उलटेसुलटे केले. "कधीपासून?"

"झाले थोडे दिवस."

"आणि तुम्ही तिथं दादाला याच बटणावरून..." त्यांना असे हसू फुटले की हातातली कात्री खाली ठेवावी लागली. मग हसू थांबले. "दादाकडे न्या."

"त्यांच्या दारात? हे घेऊन? उद्या कट्टाभर माझी शोभा करतील."

"नाहीतर मी करते. मलाही लिहिता येतं."

"अगं, पण..."

"हे बघा, तुम्हाला तुमचं बटण हवंय आणि मला माझा भाऊ हवाय. दोन्ही एकाच दुकानात आहे. निघा."

मालक निघाले, पण नुसता मला घेऊन जायचा धीर होईना. त्यांनी दुकानातले भिंतीवरचे घड्याळ काखेत मारले आणि मला खिशात लपवले. दादा डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकले होते. त्यांनी वर पाहिले, भिंग काढले, पुन्हा पाहिले.

"या."

"हे घड्याळ दाखवायला आणलं होतं."

दादांनी घड्याळ कानाला लावले. "चालू आहे की."

"मागे पडतं."

"किती?"

"तसं काही ठरलेलं नाही. मनाला येईल तेवढं."

दादांनी घड्याळ काउंटरवर ठेवले आणि हाताची घडी घातली. आजूबाजूची सगळी घड्याळे आपापली वेळ सांगत होती आणि मालकांची वेळ भरली होती. त्यांनी मला खिशातून काढून हळूच पुढे सरकवले, जसे कोणी नापास झालेल्या मुलाला मास्तरांपुढे सरकवावे.

दादांनी माझे बटण दाबले. मी गप्प. दुसऱ्यांदा दाबले. मी गप्प. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले. त्यांनी शांतपणे खिशातून आपला सपाट फोन काढला आणि तो माझ्यावर धरला.

मालकांनी डोळे मिटले. मीही मिटले असते. बटणरावाच्या मेलेल्या बटणाचा एक फोटो, की खेळ खलास! इतके अंगठे आले असते की ठेवायला जागा पुरली नसती.

दादांनी फोनची बॅटरी लावली. तिच्या उजेडात वाकून ते माझ्या बटणाच्या कडा पाहू लागले. "उजेड कमी पडतो हो इथं," ते म्हणाले. "धरा जरा हा." आणि सपाटशेठचा फोन बटणरावांच्या हातात दिला.

मग त्यांनी बारीक हत्यारांनी मला उघडले. आत काय असेल, याची मलाही कल्पना नव्हती. बटणाच्या खाली पांढरी पूड घट्ट बसली होती. दादांनी ती चिमटीत घेऊन चोळली.

"भिंगाची पूड आहे ही. भावजी, भिंग घासता घासता मला उत्तरं देत होता?"

मालकांनी मोकळ्या हाताची बोटे हळूच सदऱ्याला पुसली.

"हात धुऊन माझ्या मागे लागलात असं वाटलं होतं मला. हात तर धुतलेच नाहीत तुम्ही!"

मालकांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचा हात हलला आणि उजेड भलतीकडेच पडू लागला. "नीट धरा," दादा ओरडले, "माझा फोन आहे तो!" पण ओरडतानाही ते हसतच होते. पूड निघाली, एक पातळ पट्टी वाकली होती ती सरळ झाली, मला पुन्हा जोडले आणि दादांनी बटण दाबले.

टक्!

दादांनी पुन्हा दाबले. मग मान तिरकी करून, डोळे मिटून आणखी एकदा दाबले. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस तो, आवाजाची पारख त्याला नसेल तर कोणाला? "हे काढायला नको होतं त्यांनी," ते पुटपुटले.

"काय म्हणालात, दादा?"

"काही नाही. हा स्क्रू. काढायला नको होता म्हटलं."

मालकांनी तो विषय वाढवला नाही. बटणराव असते तर त्यांनी ते वाक्य कट्ट्यावर जाड अक्षरांत टांगले असते. मालक फक्त म्हणाले, "उद्या जेवायला या. ती वाट बघतेय. मीही बघतोय." आणि जरा थांबून, "घड्याळांचं जे लिहिलं, ते लिहायला नको होतं."

"नंबराचं मीही," दादा म्हणाले. "हे तुमचं भिंतीवरचं घेऊन जा. उगाच मला मागे पाडतंय."

रविवारी बटण दिन झाला. दुकानातल्या संगणकापुढे मालकांनी मला धरले आणि मी असा खणखणीत बोललो की कट्टा उसळला. दुपारी तिघेजण जेवायला बसले. कट्ट्यावर मात्र कुजबूज सुरू झाली, सपाटशेठ गप्प का? घाबरला का? दादांनी एका हाताने घास घेत दुसऱ्या हाताने फोन काढला.

"भावजी, काहीतरी लिहावं लागेल. 'टक् तर म्हाताऱ्याचे गुडघेही वाजतात.' कसं वाटतं?"

"चांगलं आहे. पण 'गुडघेही' नको, 'गुडघेच' लिहा. जास्त लागेल."

"मग तुम्ही उत्तर काय देणार?"

"ते सुचेना. तुम्हीच सांगा."

मालकिणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "भांडण मिटलं ना तुमचं?"

"छे!" दादा म्हणाले. "आत्ता कुठे नीट चाललंय."

तर मित्रांनो, आत्मकथा सांगत इथवर आलेल्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. मला पुसत जा, धुळीपासून जपा, हे तर मागतोच. पण माझे बटण कायमचे टिकणार नाही, हे मला कळते. म्हणून दुसरे मागणे असे, की बटणासाठी भांडायचे तर खुशाल भांडा, पण समोरच्याशी बोलणे तोडू नका. तुमचे जे काही बिघडेल, ते उघडायची बारीक हत्यारे बहुधा त्याच्याच दुकानात असतात. आणि आतली पूड तो जगाला दाखवील की फुंकून टाकील, हे तुम्ही त्याला शेवटचे जेवायला कधी बोलावले होते, यावर ठरते.