डबीतला बेडका

आमच्या लॅबमधले जंतू मरायलासुद्धा वेळ लावतात. क्षयाचे जंतू ते, त्यांना कसली आलीय घाई! रुग्णाच्या बेडक्यातून ते वाढवायचे, प्लेटच्या बारक्या खळग्यांत सोडायचे, दर खळग्यात वेगळं औषध किंवा औषधांची वेगळी जोडी घालायची आणि आठवडेच्या आठवडे हात चोळत बसायचं. शेवटी रंग टाकला की निळा राहिला तर जंतू मेले, गुलाबी झाला तर मेले मजेत आहेत. गुलाबी रंग मला मेला डोळ्यांसमोर नको असतो.

त्यात ही प्लेट माझ्या धाकट्या भावाची. नेहमीची सगळी औषधं त्याच्यावर फुकट गेली होती. अशी चाचणी वॉर्डातल्या मोजक्या तरुण रुग्णांचीच व्हायची; त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्या मास्तरांसारख्यांना कोणी विचारतही नव्हतं. मी डॉक्टरीणबाईंच्या मागे हात धुऊन लागले आणि धाकट्याचा नंबर लावला. त्याला बजावलं, "छातीतून खोकून काढ. नुसती लाळ दिलीस तर नमुना फेकून देतील आणि नंबर जाईल."

सगळी प्लेट गुलाबी झाली. एक खळगा तेवढा निळा राहिला. दोन औषधं, एकेकटी निकामी, पण एकत्र आली की जंतू खलास! मी तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडले.

ती जोडी सुरू झाली. त्यातल्या इंजेक्शनाने त्याचा एक कान गेला. "बरं झालं, तुझी बोलणी आता अर्धीच ऐकू येतात," म्हणाला गधडा. पण ताप हटेना. अंगावरचं मांस उतरत चाललं, बेडक्यात रक्त दिसायला लागलं. मधल्या काळात मास्तर गेले. शेवटी डॉक्टरीणबाईंनी धाकट्याचा नवा नमुना पाठवला.

नव्या प्लेटमध्ये ती जोडी गुलाबी. ते एक वेळ समजलं असतं, जंतू निर्ढावतात. पण आधीच्या जंतूंनी ज्या गोळीला भीक घातली नव्हती, ती इथे जंतूंना सरळ मारत होती. एकदा निर्ढावलेले जंतू असे सुधारत नाहीत. म्हणजे हे जंतू वेगळ्याच माणसाचे होते. चिठ्ठ्यांची अदलाबदल कोणी केली म्हणून मी अख्ख्या लॅबला झाडलं. सगळं पुन्हा तपासलं. चूक आमची नव्हती.

मी तडक वॉर्डात गेले. "पहिल्या वेळी डबीत काय दिलं होतंस?"

तो चादरीचा काठ चाचपायला लागला. "त्या दिवशी काही केल्या पडेचना, ताई. तूच म्हणालीस, नंबर जाईल. मग मास्तर म्हणाले, आण इकडे, माझ्याकडे रग्गड आहे. रोग एकच, बेडका कोणाचा का असेना."

"अरे गाढवा!" मी ओरडले. आणि मग लक्षात आलं. तो निळा खळगा मास्तरांचा होता. त्यांचं औषध हाताच्या अंतरावर याच्या अंगात जात होतं आणि ते बिचारे खोकत खोकत यालाच धीर देत होते.

"मग माझं औषध?" त्याने विचारलं.

"सापडलंय. पण एक फुप्फुस पार कामातून गेलंय. दुसरं किती साथ देईल, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत."

"आणि मास्तर?"

"वाचले असते रे."

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. मास्तरांचा चष्मा आणि स्वेटर न्यायचा राहिला होता. कपाटातून त्यांनी स्वेटर काढला, झटकला, घडी घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही लॅबमधल्या, तुम्हाला कळतं. ह्यांच्यावर औषधच नव्हतं, नाही का हो? मी उगीच मनाला लावून घेते."

धाकटा माझ्याकडे बघत होता.

"नव्हतं," मी म्हटलं.

"तेच म्हणते मी," त्या म्हणाल्या. धाकट्याला एकदम रडू फुटलं. त्या त्याच्या खाटेवर बसल्या, मास्क वर ओढला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "नको रे रडूस, बाळा. त्यांचा फार जीव होता तुझ्यावर. तू तरी बरा हो."