दारापर्यंत आलेली तार

बालय्याच्या सरणाला अग्नी दिला आणि नेमका त्याच क्षणी मस्कतमधल्या त्याच्या पोराच्या मोबाइलवर तो अग्नी थिजला. ज्वाळ अर्धी वर, पुतण्याचा हात अर्धा मागे आणि मधोमध एक गोल चक्र फिरतंय. चित्र पुन्हा हललं तेव्हा तळ्याच्या बांधावर धूर उरला होता आणि भाऊबंद आंघोळीला उतरले होते.

"ओदेलू अन्ना, बाप एकदाच जळतो," पोरगा फोनवर एवढंच म्हणाला. शिव्या घातल्या असत्या तर ओदेलूने परत घातल्या असत्या. त्याने कॅमेरा पिशवीत घातला.

जगित्यालकडची गावं ही अशी. घराआड एक माणूस आखातात, आणि त्याला आईबापाच्या मयताला यायला सुट्टी नाही. ओदेलूचा स्टुडिओ लग्नांवर सुरू झाला, पण चालला मयतांवर. लग्नाचे फोटो करीमनगरच्या लॅबला चढायला रात्र जायची, तरी कुणाचं बिघडत नसे. अल्बम येईपर्यंत नवरानवरीचं पहिलं भांडणही होऊन गेलेलं असे. मयत मात्र ताजंच पाठवावं लागतं. शिवाय लग्न उधारीवर होतं, मयत रोखीवर. एक चित्र थिजल्याची बातमी दुबईच्या खोल्याखोल्यांतून फिरली तर धंदा बसलाच.

केबलवाल्या सांबय्याने त्याला समजावलं. "सगळं गाव वरून खाली ओढतं. सिनेमे, गाणी. त्याला उतार आहे. तू एकटाच खालून वर ढकलतोस, आणि चढायला एकच पायवाट. तुला काचेची तार लागेल, फायबरची, तीही थेट मयताच्या दारापर्यंत."

"मग ओढू की. मयत झालं की फोन करतो."

"मयत झाल्यावर? खांब बघायचे, छपरांवरून तार न्यायची, सांधायचं मशीन तालुक्याहून आणायचं. तोवर तुझ्या मयताची राख होईल. आधी सांगावं लागेल."

"आधी कसं सांगणार?"

सांबय्याने विडी पेटवली. "गावात कोण कसं खोकतं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे."

पहिली तार ओदेलूच्याच घरी आली, कारण स्टुडिओ म्हणजे घराची पुढची खोली. तारेची मुख्य पेटी बसली ती त्याच्या बापाच्या खाटेच्या वर, भिंतीला. "घरात हिरवा डोळा आणून बसवलास," बापू कुरकुरला. "मेला मिटतच नाही." दुसरी तार तळ्याच्या बांधावर, स्मशानातल्या ताडाच्या झाडाला. मग ओदेलू आजाऱ्यांच्या समाचाराला जाऊ लागला. पूर्वी तो समाचाराला जात नसे, हे गावाच्या लगेच लक्षात आलं.

भूमय्याचं यकृत गेलेलंच होतं. त्याच्या दारी तार गेली आणि त्याच आठवड्यात भूमय्या गेला. चित्र वाहत्या पाण्यासारखं गेलं; कुवेतच्या पोराने फोनवर रडत आभार मानले. मग राजव्वा. दोघंही जाणारच होते. ओदेलूने हा हिशेब मनाशी पुन्हा पुन्हा घातला आणि तो दर वेळी बरोबरच आला.

गंगाराम मात्र हिशेबात बसेना. ताडावरून पडून त्याचा नुसता पाय मोडला होता. दसऱ्यानंतर पुन्हा झाडावर चढायच्या गोष्टी तो करत होता. त्याचा दोहामधला पोरगा भित्रा, त्याने आग्रह करून तार टाकून घेतली. गंगाराम झोपेतच गेला.

 त्यानंतर सांबय्याची शिडी गल्लीत शिरली की बाया पोरांना ओढून आत घेत. खांबांना लिंबू-मिरच्या लटकू लागल्या. ताडीच्या बनात "ये अन्ना, बस" म्हणणारे आता उठून जागा देत आणि जागा देऊन निघून जात. तारांची मागणी मात्र वाढतच गेली. गाव भीत होतं, आखात खूश होतं, आणि पैसे आखातातून येत होते.

अशात दुबईहून लच्चव्वाच्या पोराचा, नरसिमलूचा फोन आला. "अन्ना, अव्वाला दम लागतोय म्हणे. तार टाकून ठेव."

"अरे, लच्चव्वा अजून विड्या वळतेय. तूच एकदा येऊन जा ना."

"पासपोर्ट मालकाकडे आहे. तू नाही टाकलीस आणि काही झालं, तर मी काय बघू? गोल चक्र?"

ओदेलू गेला तेव्हा लच्चव्वा अंगणात सुपात पानं घेऊन बसली होती. शिडी पाहून तिने हातातली विडी पुरी वळली, दोरा गुंडाळला, मगच मान वर केली.

"आलास का बिड्डा? मला वाटलं होतं, बतुकम्माच्या सणाआधीच येशील."

"तसं नाही अव्वा. नरसिमलूचं तोंड तुला रोज नीट दिसावं म्हणून..."

"गंगारामलाही हेच सांगितलं होतंस."

शिडीवरच्या सांबय्याला एकाएकी खिळ्यांचं फार काम निघालं.

"काढून टाकतो अव्वा," ओदेलू म्हणाला. "खांब मिळाला नाही म्हणून सांगतो त्याला."

"हात लावू नकोस. एवढ्या वर्षांत पोराने न मागता दोनच वस्तू दिल्या. एक ते जाड ब्लँकेट आणि ही तार. ब्लँकेट मी परत केलं होतं का?"

दुसऱ्या दिवशी तिने उरलेली पानं विडीच्या कारखानदाराला परत पाठवली. कोंबडी शेजारणीला दिली. मग कुणाला तरी बोलावून अंगणाची भिंत चुन्याने पांढरी करून घेतली. फोटोत घाण दिसायला नको. भिंतीचं कळलं तेव्हा ओदेलू जेवत होता. तो ताटावरून उठला.

तो तिला दवाखान्यात न्यायला गेला, तर ती हसली. "तार लागल्यावर?" संध्याकाळी नरसिमलूचं तोंड स्वच्छ दिसायचं, मिशीतला पांढरा केससुद्धा. तो विचारायचा, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जेवले." शेजारीण ताट तसंच उचलून न्यायची.

शेवटी ओदेलूने दुबईला फोन लावला. "तिने अन्न सोडलंय, नरसिमलू. तारेमुळे. मी ती काढतोय."

 "काढलीस आणि नंतर गेली तर, अन्ना?"

ओदेलू पक्कड घेऊन शिडीवर चढला. तार पकडीच्या जबड्यात होती, दाबायचाच अवकाश. खाली पांढऱ्या भिंतीशी बसलेली लच्चव्वा त्याच्याकडे पाहत होती. त्याला बालय्याची थिजलेली ज्वाळ आठवली. तो खाली उतरला. पक्कड खिशात, तार जागेवर.

लच्चव्वा गेली. डफ वाजले, मडकं फुटलं, अग्नी दिला, आणि चित्र एकदाही अडलं नाही. ओदेलूने आजवर इतकं चोख काम केलं नव्हतं. राख सावडण्याआधीच नरसिमलूचा फोन आला. "सगळं दिसलं अन्ना. अव्वाच्या पापणीवर बसलेली माशीसुद्धा. तू देवमाणूस आहेस."

तो घरी आला तेव्हा बापूची खाट खोलीत नव्हती. अंगणात, कडुनिंबाच्या पलीकडे, उन्हात आणून ठेवलेली. बापू तिच्यावर बसलेला, दाढी केलेली, नवं धोतर नेसलेलं. सकाळी हाच माणूस विस्कटल्या केसांनी चहाला साखर कमी पडली म्हणून भांडला होता.

"तिरुपतीचा फोन आला होता शारजाहून," बापू म्हणाला. तिरुपती म्हणजे ओदेलूचा धाकटा भाऊ. "लच्चव्वाचं बघितलं म्हणे त्याने. फार स्वच्छ आलं. विचारत होता, आपल्याकडे तार आली का."

ओदेलूने विचारलं, "तू काय म्हणालास?"

"म्हटलं, सगळ्यात आधी आपल्याकडेच आली."

उघड्या दारातून खाटेच्या रिकाम्या जागेच्या वर, भिंतीवरची पेटी दिसत होती. तिचा हिरवा डोळा जागाच होता.

बापू उठला, त्याने खाट हाताने थोडी पुढे ओढली आणि पुन्हा बसला. "उजेड इथे बरा आहे का रे," त्याने विचारलं, "की अजून पुढे घेऊ?"