मोटारीची मूठ

आज रोजच्यापेक्षा लवकर आलेल्या ढुंढिराजांनी मोटारीच्या दाराची मूठ पुन्हा दाबली. ती जागची हलेना. पौषाच्या गारठ्यानं त्यांची बोटं बधिर झाली होती. मैदागिन मोहल्ल्यातल्या वकीलसाहेबांच्या हवेलीवजा कोठीतल्या गॅरेजात जणू धुकंही भाडं न देता राहायला आलं होतं.

कालच कलेक्टरसाहेबाच्या बंगल्यासमोर हे दार अडकलं. पट्टेवाल्यांच्या देखत वकीलसाहेबांना दुसऱ्या बाजूनं उतरावं लागलं. "पंडितजी, कल भी यही हाल रहा तो दूसरा ड्राइवर देखेंगे," ते म्हणाले होते.

रामघाटावरच्या वैदिकाचा मुलगा मोटार हाकतो म्हणून आळीनं नावं ठेवली, तेव्हा एकटी त्यांची बायको अन्नपूर्णा म्हणाली होती, "खुशाल हाका. मंत्र काय, पाठ आहेतच." आता ही नोकरी गेली तर पन्नाशी उलटलेल्या माणसाला ना कुणी मोटार देणार होतं, ना पूजा.

त्यांनी स्क्रू काढून मूठ उपसली. आत पांढरं, रवाळ काहीतरी गच्च बसलं होतं. त्यांनी वास घेतला. साजूक तूप!

तेवढ्यात कालभैरवाचं दर्शन आटोपून अन्नपूर्णाच आली. पदराखाली वाटी होती.

"अगं, हे तुझं काम?"

"मग! दसऱ्याला तुम्हीच म्हणालात, मूठ कडक चालते. तेव्हापासून रोज लावते, तुम्ही यायच्या आधी. मस्त चालत होती की!"

"तेल तरी लावायचंस."

"निघताना तेल आडवं येऊ देऊ का? अपशकुन तो! दिवसभर सडकेवर तुम्ही असता!"

"थंडीत तूप थिजतं, बाई."

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आणि मी, जाम झाली म्हणून जास्तच घालत होते हो..."

ढुंढिराज रागवायलाच निघाले होते, पण त्यांना एकदम आठवलं. दसऱ्यापासूनच ही कोरडा भात खात होती. विचारलं की म्हणायची, मला तूप पचत नाही. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला.

त्यांनी कोठीच्या स्वयंपाकघरातून कढत पाणी आणलं, मूठ धुतली, फडक्यानं कोरडी केली. मग तेलाची कुपी उचलून म्हणाले, "तू जरा तिकडे तोंड कर."

अन्नपूर्णेनं पाठ फिरवली. मुठीत तेल पडलं, मूठ पुन्हा दाराला बसली.

वकीलसाहेब आले. दार एका बोटानं उघडलं. "क्या हुआ था, पंडितजी?"

"ठंड थी, साहब."

दुपारी घरी जेवण झाल्यावरही ढुंढिराज पाटावरून उठले नाहीत. अन्नपूर्णा आपलं पान वाढून घेईपर्यंत ते तसेच बसून राहिले. मग त्यांनी सकाळची ती वाटी निखाऱ्यावर धरली आणि तूप पातळ झाल्यावर सगळं तिच्या भातावर ओतलं.

"अहो, मला पचत नाही!"

"मोटारीलाही नाही पचलं. तुला पचतं का बघू."

तिनं मान खाली घालून भात कालवला. ती जेवून होईपर्यंत ढुंढिराज समोर बसून होते.